नदीची शर्यत

आमच्या घरात शिरायचं तर आधी पागेतून जावं लागे. रस्त्याच्या बाजूला दार होतं, पण त्याच्यामागे कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या असत, त्यामुळे ते उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. पाहुणा आला की त्याला तीन घोड्यांच्या मागून अंग चोरत ओट्यापर्यंत यावं लागे. पहिल्यांदा येणारा माणूस हमखास धोतराचा सोगा हातात धरूनच यायचा. धुळ्यात पांझरेच्या अलीकडच्या काठावर, उताराला हे घर होतं. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नानांचे दोन टांगे होते, एक ते स्वतः हाकायचे आणि दुसरा मी. पहाटे जाग यायची ती खराऱ्याच्या खसखस आवाजानं, मग तोबऱ्यात तोंड खुपसून हरभरे चावणाऱ्या घोड्यांच्या आवाजानं. हा दुसरा आवाज मला आजही कुठल्याही भजनापेक्षा गोड वाटतो. रात्री घोड्यांसाठी हरभरे भिजत घातलेले असत. त्यातले मूठभर माय आमच्या भाजीत टाकायची, लसणाची फोडणी द्यायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर वाढायची. घोडी आणि माणसं एका पातेल्यातलं खातात, असं आमच्या गल्लीत म्हणत. ते फारसं खोटं नव्हतं.

तो खरारा करायची माझी थोरली बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही तिला अक्का म्हणायचो. अक्काचं लग्न लवकर झालं आणि दुसऱ्याच वर्षी तिचा नवरा तापानं गेला. सासरच्यांनी तिला एका पत्र्याच्या पेटीसकट आमच्याकडे आणून सोडलं. मायनं दोन दिवस रडून घेतलं. तिसऱ्या दिवशी पहाटे अक्का उठली, पागेत गेली आणि खरारा हातात घेतला. तेव्हा आमच्याकडे घोडी सांभाळायला एक पगारी मोतद्दार होता. महिन्याभरात घोडी त्याला जवळ येऊ देईनात. अक्काचं पाऊल वाजलं की मात्र तिन्ही माना वळायच्या. नानांनी मोतद्दाराला निरोप दिला आणि पागा अक्काची झाली. घोड्याच्या खुरात खडा रुतला असेल तर ती त्याच्या कानाच्या हालचालीवरून सांगायची. नालबंद आला की नाल कसा बसवायचा हे तो नानांना विचारायचा आणि नाना अक्काकडे पाहायचे. अट एकच होती. नानांनी तिला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "आंगनमा काय करानं ते कर. रस्तावर नही." विधवा बाईनं हातात रास धरून गावातून टांगा हाकायचा, हे नानांना सोसण्यासारखं नव्हतं. गावाला तर त्याहून नव्हतं.

अंगणात मात्र ती वाटेल ते करायची. शेवंती नावाची आमची तांबूस घोडी होती, तिच्यावर अक्काचा फार जीव. दुपारी गल्ली सामसूम झाली की अक्का शेवंतीला मोकळी सोडायची, अंगणात गोल पळवायची आणि लुगड्याचा काष्टा घट्ट करून पळत्या घोडीच्या पाठीवर उडी घ्यायची. मला तिनंच शिकवलं. "पाय नंतर," ती म्हणायची, "पहिले नजर टाक. नजर जठे बठनी, तठे आंग आपोआप जास." मी दहा वेळा पडलो असेन. अकराव्या वेळी बसलो तेव्हा ती हसली आणि लगेच म्हणाली, आता पळत्या घोडीवरून उतरायला शिक, ते जास्त अवघड आहे.

सायकलचं वेड मला लागलं ते मगनभाईंच्या दुकानामुळे. मगनभाई गुजरातकडचे. त्यांचं भाड्यानं सायकली देण्याचं दुकान आमच्या टांग्याच्या अड्ड्यासमोर होतं. गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्या फळीवर जाऊन बसे, पंक्चर काढू लागे, आणि बदल्यात एखादी सायकल तासभर मिळे. नानांना ते आवडायचं नाही. "आपन घोडासना मानसं," ते म्हणायचे. "त्या लोखंडनी भाकर खाई तो आपला नही." त्यांचं चुकत होतं असंही नाही. गावात सायकली वाढत होत्या आणि अड्ड्यावरचे टांगे जास्त वेळ उभे राहू लागले होते. पण मला त्या वयात एवढं कुठलं कळणार. मला एवढंच कळायचं की घोडी दमते, तिला पाणी पाजावं लागतं, तिची मर्जी सांभाळावी लागते, आणि सायकल मात्र मी जितकी पळवीन तितकी पळते.

पाऊस सरला, नदीचं पाणी उतरलं की मगनभाई एक शर्यत भरवायचे. तिला कुणी काही नाव दिलं नव्हतं, लोक नुसतं नदीची शर्यत म्हणायचे. ती सडकेवरची शर्यत नव्हती. घाटाजवळच्या मैदानातून निघायचं, दरडीवरून खाली उतरायचं, गुडघाभर पाण्यातून सायकल रेटायची, मग वाळूचा लांब पट्टा. त्या वाळूत चाक फिरतच नसे, म्हणून उतरून सायकल खांद्यावर टाकायची आणि पळायचं. पुढे बाभळीच्या रानातली पायवाट, तिथे काटे. मग कापसाच्या शेताचा बांध, काळ्या मातीचा चिखल, पुन्हा पाणी, आणि शेवटी घाटाच्या पायऱ्या, पुन्हा सायकल खांद्यावर. असे तीन फेरे. नाल्यातून निघालेल्या म्हशीसारखी माणसं मैदानात परत यायची आणि काठावरचे लोक पोट धरून हसायचे. त्यात आम्हाला जी मजा यायची ती सांगता येत नाही. अंगाला वाळू, तोंडात चिखल, पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे, आणि तरी वाटायचं की अजून एक फेरा असता तर बरं झालं असतं. आता माझी नातवंडं गिअरच्या सायकली घेऊन फिरतात, टायरला थोडा चिखल लागला की फडक्यानं पुसतात. 

या शर्यतीत मी पटकन पुढे आलो, त्याचं कारण माझ्या पायांत नव्हतं. बाकीचे वाळूशी आले की ब्रेक लावायचे, थांबायचे, उतरायचे, सायकल उचलायचे. वाळू संपली की पुन्हा थांबून चढायचे. मी चालत्या सायकलवरूनच एक पाय मागून आणून पळतच उतरायचो आणि पलीकडे पळता पळता उडी मारून बसायचो. अक्कानं शेवंतीवर शिकवलेलंच ते. माझ्या पुढे असायचा तो फक्त लोटन. लोटन गिरणीत कामाला होता, उंच, अबोल, दोन्ही खांदे ओंडक्यासारखे. तो सायकल खांद्यावर घ्यायचा तेव्हा ती कावडीसारखी हलकी वाटायची. सलग दोन वर्षं तो पहिला आला आणि मी दुसरा. तिसऱ्या वर्षी मी ठरवलं की काहीही झालं तरी या वेळी पहिला यायचं.

त्या दिवशी नाना घरी नव्हते. एक टांगा घेऊन वऱ्हाडाबरोबर ते साक्रीला गेले होते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायचे होते. दोन घोडी त्यांनी नेली होती, पागेत शेवंती एकटी होती. आमचं एक ठरलेलं गिऱ्हाईक होतं, मथुराकाकू. एका व्यापाऱ्याची आई. दर आठवड्याला दुपारी तीन वाजता त्यांना नदीपलीकडे लेकीच्या घरी सोडायचं असे. शर्यत चार वाजता होती. काकूंना सोडून, परत येऊन, घोडी सोडून मैदानात पोचेपर्यंत माझी वेळ गेली असती. आदल्या संध्याकाळी अक्का शेवंतीचे पाय धूत होती, तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"अक्का, एक काम शे," मी म्हणालो.

"तुना तोंडवर दिसस," ती मान वर न करता म्हणाली.

"उद्या मथुराकाकूस्ले पल्याड सोडानं शे. तू सोडी येशी का?"

तिचा हात थांबला. "नानास्नी काय सांगेल शे?"

"नाना साक्रीले शेतस. कोन देखी?"

"गाव देखी."

"पुलवरथीन नको जाऊ. नदीमाईन जा. दुपारले तठे कोनी नही ऱ्हास. काकूस्ले तर डोळासनं दिसत नही. शर्यत चारले शे. तवलोंग तू घर येशी."

ती शेवंतीच्या खुराकडे पाहत राहिली. माझी बहीण नाही म्हणण्यासाठी शब्द शोधते आहे, असं मला आधी वाटलं. मग तिनं मान वर केली आणि मला कळलं की तसं नव्हतं. इतक्या वर्षांत त्या घोडीला तिनं रोज चारलं, धुतलं, तिच्या खुरांची काळजी घेतली, पण टांग्याला जुंपून अंगणाच्या फाटकाबाहेर एकदाही नेलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर पुन्हा कधी पाहिलं नाही. "बरं," ती म्हणाली, आणि शेवंतीचा पाय पुन्हा पाण्यात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी मगनभाईंच्या दुकानात गेलो. मगनभाई म्हणाले, "सदा, टाइम बदली गया. वकीलसाहेब बक्षीस देणार, त्यांना संध्याकाळची गाडी पकडायची आहे. शर्यत तीन वाजता." मी बरं म्हटलं. आमचं घर तिथून चिलीम ओढून होईपर्यंत पोचण्याच्या अंतरावर होतं. जाऊन अक्काला सांगायला हवं, हे मला त्याच क्षणी सुचलं. मी साखळीला तेल घातलं. सीट अर्धा बोट वर केली, चालवून पाहिली, पुन्हा खाली केली. मग लोटन आला आणि आम्ही दोघं वाळू किती ओली आहे ते पाहायला गेलो. मी विसरलो, असं मी स्वतःला पुढे बरीच वर्षं सांगत आलो. मी विसरलो नव्हतो. मी सांगितलं असतं तर अक्का म्हणाली असती, मग मी नाही जात, काकूंना तूच सोड. म्हणून मी घरी गेलोच नाही. जेवायलासुद्धा गेलो नाही. मगनभाईंच्या डब्यातला ठेपला खाल्ला.

आम्ही चौदा जण होतो. काठावर माणसं दाटली होती, पोरांनी रॉकेलचे रिकामे डबे आणले होते आणि एक डफही होता. पहिला फेरा लोटन पुढे, मी त्याच्या मागे दोन हातांवर. दुसऱ्या फेऱ्यात दरडीवरून खाली उतरलो तेव्हा आमच्याबरोबर काठानं पळणारी पोरं डबे बडवत होती. नदीला तिथे वळण आहे. वळणाच्या खाली दगडगोटे टाकून बैलगाड्यांसाठी उतार केलेला होता. वळण संपलं आणि समोर, ऐन नदीच्या मध्यावर, मला आमचा टांगा दिसला.

अक्का पदर कपाळापर्यंत ओढून पुढे बसली होती. मथुराकाकू मागे, मांडीवर पितळी डबा धरून. अक्काला मैदान दिसत नव्हतं, वळणामुळे आवाजही नीट कळला नसावा, आणि तिच्या हिशेबानं शर्यतीला अजून तास होता. शेवंती गावातल्या गोंगाटाला सरावलेली घोडी होती. पण पायाखाली पाणी, आणि अचानक वळणावरून सायकली, डफ, डबे आणि आरडाओरडा तिच्या अंगावर आला. ती बिथरली, प्रवाहाच्या बाजूला वळली. डावं चाक दगडांच्या उतारावरून सुटलं आणि खालच्या भुसभुशीत वाळूत आसापर्यंत रुतलं. टांगा कलला. टांग्याच्या दांडीनं घोडीला वाकवलं आणि ती पुढच्या गुडघ्यांवर पाण्यात कोसळली. मथुराकाकू घसरून पाण्यात बसल्या आणि तिथूनच देवाचा धावा करू लागल्या.

अक्का उडी टाकून पुढे गेली. पदर खांद्यावरून गेला होता. घोडीच्या गळ्यात पट्टा आवळला होता आणि तिचं नाक पाण्याखाली जात होतं. अक्कानं दोन्ही हातांनी तिचं डोकं वर उचलून स्वतःच्या छातीशी धरलं आणि आजूबाजूला पाहिलं. मी तेव्हा सायकल खांद्यावर घेऊन वाळूतून पळत होतो, वीस-पंचवीस हातांवर. तिनं मला पाहिलं.

"सदा," तिनं हाक मारली. "आठे ये. पट्टा काप."

टांगेवाल्याच्या कमरेला चाकू असतोच. माझ्याही होता. कुठला पट्टा कापायचा ते मला अंधारातही सांगता आलं असतं. काठावरून कुणीतरी ओरडलं, "अरे देखा, बाई टांगा हाकी ऱ्हायनी," आणि मोठा हशा झाला. मला ऐकू आलं. मी पाहिलं. अक्काच्या डोळ्यांत पाहिलं. तेव्हा मनात काय आलं ते मी इथे लिहितो, कारण ते लिहायचं नसेल तर हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही. घोडी बुडेल, काकूंना लागलं असेल, असं काही मनात आलं नाही. मनात आलं ते हे, की मी आता तिकडे वळलो तर ही उघड्या डोक्याची बाई माझी बहीण आहे, हे या सगळ्या लोकांना कळेल. मी मान फिरवली आणि पळत राहिलो.

माझ्या पुढे लोटन होता. त्यानं एकदा टांग्याकडे पाहिलं, खांद्यावरची सायकल वाळूत आडवी ठेवली आणि पाण्यात शिरला. मी त्याच्या सायकलला वळसा घालून पुढे गेलो.

शर्यत तीन फेऱ्यांची होती. म्हणजे मला तिथून आणखी एकदा जायचं होतं. तिसऱ्या फेऱ्यात वळणावर आलो तेव्हा पट्टा कापून झाला होता. शेवंती तीन पायांवर उभी होती, चौथा अधांतरी. लोटननं मथुराकाकूंना पाठुंगळी घेतलं होतं आणि तो काठाकडे चालला होता. अक्का घोडीच्या मानेवरून हात फिरवत होती. मी अगदी जवळून गेलो, इतका की माझ्या पायांनी उडवलेलं पाणी तिच्या लुगड्यावर पडलं असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी पहिला आलो. वकीलसाहेबांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला आणि सायकलला लावायचा कार्बाइडचा नवा दिवा हातात दिला.  त्यांनी नदीकडे पाहत विचारलं, "वळणावर टांगा रुतला म्हणतात, कुणाचा हो?" मगनभाई मैदानातच होते, त्यांना दिसलं नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "माहीत नाही, साहेब." टाळ्या अजून चालूच होत्या.

घरी पोचलो तेव्हा अक्का अंगणात बसली होती. शेवंतीच्या पायाला कडुनिंबाच्या पाण्याचा शेक देत होती. गुडघ्याची कातडी सोलून निघाली होती, आणि त्याखाली नळीवर जी सूज होती ती पाहताच मला कळलं की शीर तुटली आहे, ही घोडी आता टांग्याला जुंपता येणार नाही. माय ओट्यावर बसून डोळे पुसत होती. मथुराकाकूंचं मनगट मुरगळलं होतं, बाकी काही नाही, एवढं मायनं सांगितलं. माझ्या डोक्याला फेटा होता. तो काढून कुठे ठेवावा ते मला सुचेना.

"जिकना का?" अक्कानं विचारलं.

"हा," मी म्हणालो.

"भाकर झाकी ठेयेल शे," ती म्हणाली.

मी आत गेलो आणि जेवलो. वांग्याचं भरीत होतं. मला फार भूक लागली होती आणि मी पोटभर जेवलो. इतक्या वर्षांनंतरही वांगं भाजल्याचा वास आला की आधी तेच आठवतं, की मी पोटभर जेवलो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना आले. गावात शिरताच त्यांना कळलं असणार, कारण ते अंगणात आले ते थेट शेवंतीपाशी. खाली बसून त्यांनी पाय चाचपला. बराच वेळ चाचपला. मग उठून ओट्याकडे आले. आम्ही तिघं तिथे उभे होतो, माय दारात, अक्का खांबाला टेकून, मी तिच्या शेजारी.

"टांगा कोनी काढा?" नानांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता.

 अक्कानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच बोलली. "मी काढा. मले हौस वाटनी."

"सदा कोठे व्हता?"

"त्याले म्हाईत नव्हतं."

नानांनी मग माझ्याकडे पाहिलं. मी पायाखालच्या शेणाकडे पाहत होतो. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी पागेत शिरून त्यांनी खरारा स्वतः हातात घेतला. अक्का नेहमीच्या वेळी आली आणि त्यांना पाहून उंबऱ्यातच थांबली. नाना मागे न वळता म्हणाले, "तुनं आठे काही काम नही." तीनही घोडी माना वळवून तिच्याकडे पाहत होती.

महिन्याभरात साक्रीकडच्या एका शेतकऱ्यानं शेवंतीला चरायला म्हणून नेलं. ती लंगडत गल्लीच्या टोकापर्यंत गेली. अक्का आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. त्यानंतर काही दिवसांनी मामा जामनेरहून आले आणि अक्काला घेऊन गेले. गावात बोलणं फार झालं होतं, नानांना बाजारात मान वर करता येईना. मामांकडे कापूस होता, बैल होते, दुभती जनावरं होती, घोडं नव्हतं. अक्का तिथे दळू-कांडू लागली, धारा काढू लागली. जाताना ती तीच पत्र्याची पेटी घेऊन गेली. पेटी टांग्यात चढवली ती मीच, आणि स्टेशनापर्यंत हाकला तोही मीच. वाटभर ती घोड्याच्या पाठीकडे पाहत होती. पुलावर आल्यावर एवढंच म्हणाली, "उजवा मांगला नाल ढिल्ला शे. आजच पाही ले." मी पाहिलं. ढिला होता.

तिला असं पाठवलं जात होतं तेव्हाही मला बोलता आलं असतं. रोज बोलता आलं असतं. नाना पुढे बरीच वर्षं जगले. मी स्वतःची समजूत घातली होती. मी म्हणायचो, त्या संध्याकाळी मी बोलणारच होतो, शब्द ओठांवर आले होते, पण अक्का आधी बोलली. तिनं सांगून टाकल्यावर मी उलटं सांगितलं असतं तर ती खोटी पडली असती. ही समजूत मी इतकी घोटून घेतली होती की तिच्यावर माझा जवळजवळ विश्वास बसला होता. लोटन त्या आठवड्यात एकदा आमच्याकडे आला होता. "घोडी कशी शे?" एवढंच विचारलं, शेवंतीचा पाय पाहिला आणि गेला. माझ्याशी तो पुढेही नीट वागला, कधी टोमणा मारला नाही. त्याची सावली दिसली की मीच गल्ली बदलायचो.

आणि पुढच्या वर्षी मी पुन्हा नदीच्या शर्यतीत उतरलो. त्याच्या पुढच्या वर्षीही. हे लिहायला मला सगळ्यांत जड जातं. त्या वळणावर मी मान खाली घालायचो, पण वाळू ओलांडून पळत्या सायकलवर उडी घेतली की जीव पुन्हा पहिल्यासारखाच हरखून जायचा. माणूस लाजेनं मरतो असं म्हणतात. मी मेलो नाही, मला शर्यत आवडतच राहिली. टांगेही मी शेवटपर्यंत हाकले, मोटारी आल्या तरी, अड्ड्यावर तीनच टांगे उरले तरी. माझ्या हातची घोडी चांगली राहायची, लोक तसं म्हणायचे. कुणाकडून शिकलास म्हणून विचारलं तर मी नानांचं नाव सांगायचो.

नाना गेले, माय गेली, मामाही गेले. अक्का जामनेरलाच राहिली. मामांच्या मुलांनी तिला सन्मानानं वागवलं. मी सणासुदीला जायचो, लुगडं द्यायचो, मुलाबाळांचं बोलायचो. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं एकदाही बोललो नाही. माझं वय सत्तरीकडे आलं, तिचं त्याच्या पुढे गेलं, तेव्हा एका हिवाळ्यात मी मुद्दाम त्यासाठीच गेलो. अक्का अंगणात ऊन खात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसलो, दोन शेंगा हातात घेतल्या.

"अक्का," मी म्हणालो, "त्या दिवशी नदीमा मी तुनी हाक ऐकी व्हती."

"म्हाईत शे," ती म्हणाली. "तू मनाकडे देखं व्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला धीर आला. इतकी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य मी बाहेर काढलं. "पन नानास्ले मी सांगनार व्हतो. खरंच सांगनार व्हतो. तूच पहिले बोलनी."

ती शेंगा फोडत राहिली. दोन दाणे सुपात पडले, मग आणखी दोन.

"मी तुना तोंडकडे देखं," ती म्हणाली. "तू बोलशी का नही, हाई मले देखनं नव्हतं. म्हनीसन मीच बोलनी."

मी बोललो नसतो. हे मला तेव्हा, तिच्या समोर बसलेला असताना कळलं. हातातल्या शेंगा मी तशाच खाली ठेवल्या. तिनं टरफलं पदरात गोळा केली, गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठली आणि आत गेली. आपण बोललो नसतो, एवढंही मी तोवर तिला सांगू शकलो नाही.